बोअरला पहिला हात

२५ सप्टेंबर, मंठा
आलो एकदाचा! तातेरावांच्या वर्कशॉपात रुजू झालो. इथे मळणीयंत्रांची झिजलेली इंजिनं नवी करतात. इथून गेलेलं इंजिन पुन्हा दुरुस्तीला येत नाही, अशी तालुकाभर ख्याती. दिवाळीनंतर लग्न आहे, त्यामुळे उमाच्या घरचेही खूश. साखरपुड्याची अंगठी साबण लावूनही निघत नाही. सासुरवाडीचा पाहुणचार बोटांवरही चढला, दुसरं काय!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारांची पूजा झाली. इथली रीत अशी की नव्या माणसानं आपल्या पहिल्या इंजिनाच्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीला, आतून उघड्या पंजानं तेल चोळायचं. मीही ऐटीत चोळलं. जुना मिस्त्री कचरू नेमका तेव्हाच बाहेर गेला. त्याचे हात कायम खिशात, कामचुकार दिसतो. ते इंजिन जवळच्याच एका शेतकऱ्याच्या, अंगदभाऊंच्या, मळणीयंत्रावर चढलं.

९ ऑक्टोबर
सोयाबीनचा हंगाम. अंगदभाऊंचं इंजिन दिवसभर चालू असतं. मोबाइल माझा अंगठा ओळखेना. पाहिलं तर बोटांवर रेषाच नाहीत, पंजा टाकी न लावलेल्या जुन्या पाट्यासारखा गुळगुळीत. हात धुताना अंगठी आपोआप गळून पडली. हसू आलं नाही.

१३ ऑक्टोबर
शंका आली म्हणून शेतावर जाऊन त्या इंजिनाचं हेड उघडलं. बोअरला ओरखडासुद्धा नाही. काढलेल्या तेलात मात्र बारीक भुकटी. लोहचुंबक फिरवलं, एक कण चिकटला नाही. ती लोखंडाची नव्हती.
कचरूला सांगितलं, तर त्यानं हात बाहेर काढले. बोटं अर्धीच, टोकं गुळगुळीत. म्हणाला, "झीज कुटंतरी जातीच ना बाबा. माजं इंजिन हिरीत पडून फुटलं म्हून वाचलो."

१६ ऑक्टोबर
नखं गेली. उमा व्हिडिओवर मला पाहून रडली. इंजिन मोडीत काढा म्हणून तातेरावांच्या पाया पडलो. चालतं इंजिन कोणी मोडतं का, म्हणाले. भीती वाटते. फार वाटते.

१७ ऑक्टोबर
सकाळीच शेतात जाऊन इंजिनातलं सगळं तेल सोडून दिलं. बिनतेलाचं इंजिन घटकाभरात जाम होतं. ते भंगारात, मी मांडवात. बांधावर बसून वाट पाहतोय. अंगदभाऊंनी हँडल मारलं—

चालू आहे. जाम होत नाही—

कसं होईल? झीज त्याची नाहीच—तेल होतं तोवर हळूहळू—आता कोरडं—

हात तापले—ओरडतोय, पण ओठ—भाऊ, बंद—

पेन धरव—