मूलचंदशेठचा एफएम आणि माझा फिल्टर

४ नोव्हेंबर, संध्याकाळ
आज रेडिओवर इटली लागलं! रिपोर्ट फाइव्ह नाइन, म्हंजे आवाज एकदम खणखणीत. त्याचा कॉलसाइन, म्हंजे हवेतलं नाव, आपला कॉलसाइन, सेव्हंटी थ्री म्हणजे रामराम, खलास. अर्ध्या मिनिटाचं काम. हॅम रेडिओमुळं लॉगबुकात आजवर अकराशे चार मित्र झाले. सगळ्या परतुरात एवढा गोतावळा कोणाचा असंल?

सात सतराला शेजारचा मूलचंदशेठ काठी टेकत आल्ता. कापडाचं दुकान पोराच्या हवाली केल्यापासून याला काम न्हाई. म्हणला, मास्तर, सातला एफएमवर जुनी गाणी लागतात अन् बराबर तेव्हाच तुमचं यंत्र त्याच्यात खरखर करतं. मी सांगितलं, माझा सिग्नल बिलकुल साफ हाय, तुमचा रेडिओ म्हातारा झालाय. तासभर बसला. दोन कप चहा प्याला.

५ नोव्हेंबर
पुन्हा आला. सात सतरा.

८ नोव्हेंबर
आजही. माझ्या बायकोनं, कौसल्येनं, एका साडीसाठी त्याच्या दुकानातले सगळे गठ्ठे कसे उपसायला लावले, अन् शेवटी पहिलीच साडी कशी घेतली, ते सांगून हसत बसला. तिला जाऊन तीन वर्षं झाली, तरी याच्याजवळच्या गोष्टी संपत न्हाईत. ऐकून घ्यावं लागतं. माझ्या कामाचा पार खोळंबा.

१० नोव्हेंबर, रविवार
ठरलं! लो-पास फिल्टर बनवायचा, म्हंजे शेठची कटकट बंद. गणित सोपं हाय. मी बोलतो एकवीस मेगाहर्ट्झवर. पण घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर (दोष माझा न्हाई, पार्टचा) त्याच्यासंगं दुप्पट, तिप्पट, पाचपट फ्रिक्वेन्सीचा कचराबी हवेत सोडतो. एकवीसची पाचपट एकशे पाच. तिथंच शेठची गाणी. फिल्टर तिसाच्या खालचं जाऊ देतो, वरचं अडवतो. दोन दिवसांत उरकतो.

१९ नोव्हेंबर
फिल्टर तयार. तांब्याच्या तारेच्या कॉइल, कपॅसिटर, सगळं श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात. शेठ सात सतराला हजर. प्लास्टिक काय अडवणार, पत्र्याचाच डबा पाहिजे अन् त्याला अर्थिंग पाहिजे. हे मला माहीतच होतं. घाईत राहून गेलं.

२४ नोव्हेंबर
बिस्किटाचा पत्र्याचा डबा. अर्थिंग पक्कं. शेठ आला, म्हणला, खरखर जशीच्या तशी. डबा निरखून इचारलं, ही गाळणी कुठं लावली? मी म्हणलो, रेडिओ अन् अ‍ॅम्प्लिफायरच्या मधी. तर म्हणतो कसा, घाण अ‍ॅम्प्लिफायर करतो म्हणता ना, मंग गाळणी त्याच्या आधी कशाला? चहा आधी गाळून मंग पत्ती टाकता काय?
कापडवाल्यानं सायन्सच्या मास्तरला शिकवावं! त्याला सांगितलं, हा प्रयोगाचा भाग हाय.

२५ नोव्हेंबर
स्वतःच्या डोक्यानं विचार करून फिल्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढं, अँटेनाच्या बाजूला लावला. सात सतरा झाले. साडेसात. आठ. शेठ आला न्हाई. यश!

२७ नोव्हेंबर
शांतता. चहाचं जास्तीचं दूध नासलं.

३० नोव्हेंबर
भरपूर कामं होऊन राह्यलीत. कोणती, ते सवडीनं लिहीन.
जर्मनीच्या एकाला कौसल्येच्या साडीची गोष्ट सांगायला गेलो. त्यानं मधीच सेव्हंटी थ्री म्हणून पुढच्याला बोलावलं. त्याची चूक न्हाई, रांग मोठी होती. पण लई वाईट वाटलं.

३ डिसेंबर
विज्ञानात तुलना पाहिजे. फिल्टर काढून पाहिल्याशिवाय फिल्टर चालतो हे सिद्ध होत न्हाई. उद्या सातला फुल पॉवर. निव्वळ शास्त्रासाठी. दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांगितलं.

४ डिसेंबर
फिल्टर काढला. सात ते आठ बोलत राह्यलो. उत्तर कोणाचंच न्हाई, तरी बोललो. दार उघडं ठेवलं, हवा खेळती पाहिजे म्हणून. थंडी लई वाजली.
आला न्हाई.

५ डिसेंबर
तेच. त्याचा रेडिओ बिघडला असणार. उद्या जाऊन पाहतो. शेजारधर्म.

६ डिसेंबर
गेल्तो. सुनेनं, रितिकानं, दार उघडलं. शेठ खुर्चीत, पुढ्यात रेडिओ, तोबी बंद.
मी इचारलं, दोन दिवस खरखर आली का? म्हणला, आली की, कान फाटायची पाळी. मंग सांगायला का आला न्हाईत? रितिका म्हणली, बाबूजींनी रेडिओ बंद केला अन् नुसते बसून राह्यले.
मंग शेठ बोलला. मला म्हणला, डबा बसला तसं तुम्ही एकदा बी इकडं फिरकला न्हाईत. मला वाटलं, मास्तरला आपलं येणं जड होत होतं, म्हणूनच एवढा खटाटोप केला. परवा खरखर पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुनेला म्हणलो, गाण्याचं काय एवढं, बोलू दे त्याला. कौसल्याबाई गेल्यावर त्याला बोलायला हाय कोण?
फिल्टर मुद्दाम काढल्ता, हे सांगायचं होतं. त्याच्या आधीच दोघांच्या समोर रडलो.