मोनासाठी भरवशाचं ॲप

२ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. मी ॲपवर जाणार! वय एकसष्ट, गुडघे दोन, दोन्ही दुखतात. तरी जाणार.

काहून जाणार ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल म्हातारी चळली. मोना माझी सून. अश्विन जाऊन चार वर्षं झाली. एकुलता एक होता माझा. नारायणराव त्याच्याही आधी गेले. आता घरात आम्ही दोघीच. मोना सकाळी रेल्वेच्या ऑफिसात जाते, संध्याकाळी येते, आणि सासू सिरियल पाहते म्हणून तीही सिरियल पाहत बसते. तेहतिसाव्या वर्षी!

आज विहारात अनसूयानं सगळ्या बायांसमोर विचारलं — "लीलाबाई, पोरीचं काही पाहून राहिली का? का आपल्या म्हातारपणाची काठी करून ठेवली तिले?" मैत्रीण असून! मी चप्पल घालून निघाले. घरी येईपर्यंत दहा उत्तरं सुचली, पण अनसूया कुठं होती ऐकायला.

मोनाला म्हटलं, तुझं लग्न लावते. ती मेथी निवडत होती. परिचय मेळाव्यात स्टेजवर चढून नाव-गाव-पगार सांगणार नाही म्हणाली. मग मीच म्हटलं, ॲप? खूप हसली. म्हणे, "तुम्हीच पाहा आई. तुम्ही हो म्हणाल त्याच्याशी बोलीन. नाही म्हणाल तर बात खतम."

म्हणजे सगळं माझ्यावर. चलो.

४ नोव्हेंबर

अश्विनचा जुना फोन कपाटात होता. कमानिया गेटच्या बाजारात जाऊन त्यात नवी बॅटरी टाकून आणली. दुकानदार म्हणाला, माताजी, कौन सा ऐप डालूँ? म्हटलं, भरोसे वाला. तो इतका हसला की हातातलं स्क्रू खोलायचं पेचकस खाली ठेवलं. मग तीन टाकून दिले.

७ नोव्हेंबर

पहिलं — 'दिलजोड'. कोण किती दूर आहे ते दाखवते. सगळ्यात जवळचा अविवाहित, 'सच्ची दोस्ती' शोधणारा, अर्ध्या किलोमीटरवर... आपला डेअरीवाला! त्याच्या तिसऱ्या पोराच्या बारशाचे पेढे मी खाल्लेत. फोटोत गॉगल लावला म्हणून काय झालं, मिशी तीच.

सकाळी दूध घ्यायला गेले तर मी त्याच्याकडे जरा जास्तच पाहिलं. दूध एकदम घट्ट मिळालं. ॲपचा एवढा तरी फायदा.

काढून टाकलं.

९ नोव्हेंबर

दुसरं — 'सच्चा साथी'. मोनाचा फोटो कशाला वाया घालवा म्हणून आधी माझाच टाकला. लंडनचा एक विधुर इंजिनीअर लगेच हजर! दोन दिवसांत मी त्याची जिंदगी झाले. नारायणराव अख्ख्या संसारात माझ्याबद्दल एकदाच "बरी आहे" म्हणाले, तेही डॉक्टरनं विचारलं म्हणून.

आज कळलं, जिंदगीसाठी पाठवलेला सोन्याचा हार विमानतळावर अडकला. सोडवायला पैसे पाहिजेत. मी लिहिलं — राहू दे तिथंच, तू पण राहा. काढून टाकलं.

१३ नोव्हेंबर

तिसरं — 'मैत्रबंध'. ओळखपत्र मागते. मग म्हणते तोंड डावीकडे करा, उजवीकडे करा. मोना ऑफिसात होती, मीच केलं. म्हणालं, चेहरा जुळत नाही. शाब्बास! तीन ॲपमधलं पहिलं खरं बोलणारं.

संध्याकाळी मोनानं फोनसमोर तोंड डावं-उजवं केलं. माहिती मी भरून राहिले होते, तर पहिली ओळ तिनं स्वतः टाकली — आम्ही बौद्ध आहोत. म्हटलं, थोडं खाली टाक. "काहून आई? ज्याले पळायचं तो पहिलेच पळू दे ना."

मग मीही एक ओळ जोडली — ही माहिती सासूनं भरली आहे, उत्तरंही सासूच देईल.

१४ नोव्हेंबर

दोन ओळींत बाजार उठला! काल नुसता फोटो होता, पहिली ओळ नव्हती, तोवर लाल बदामच बदाम येऊन राहिले होते. आज मोजके चेहरे उरले. 'जात-पात नहीं मानता' लिहिणारा सगळ्यात आधी पळाला. पहिल्या ओळीला भ्याला की दुसऱ्या, कोण जाणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

एक आला. अश्वजीत. सिहोऱ्याला सरकारी दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर. फोटोत तो आणि एक म्हैस. म्हशीचा फोटो जास्त चांगला आला आहे. घटस्फोट झाला आहे हे त्यानं वरच लिहिलं, झाकलं नाही.

त्याचा पहिला निरोप — सासूबाईंना जय भीम. तुम्ही विचारा, मी सांगतो.

विचारलं. पगार, व्यसन, बायको काहून गेली, स्वयंपाक येतो का. सगळ्याची सरळ उत्तरं. बायकोबद्दल म्हणे, तिला भोपाळ पाहिजे होतं, मला सिहोरा. तिच्याबद्दल वाकडा शब्द नाही. म्हटलं बरं, बोला तुम्ही दोघं. मोनाचा नंबर दिला.

२० नोव्हेंबर

मोना गच्चीवर कपडे काढायला गेली आणि फोनवर त्याच्याशी बोलत बसली. मी जिन्यात होते. ती हसली. पोट धरून हसतात तशी. हा आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता.

मला आनंद झाला. खरंच झाला. जेवताना मात्र अर्धी पोळी ताटात ठेवून उठले. काहून ते समजलं नाही. समजलं, पण आज लिहीत नाही.

२१ नोव्हेंबर

अश्वजीत बुटका असावा. फोटोत म्हैस मोठी दिसून राहिली. सिहोरा दूर आहे. बसनं जा, बसनं या. अंगाला जनावरांचा वास येत असेल. आणि फार नम्र आहे. इतकी नम्र माणसं बरी नसतात.

अनसूयाचा भाचा सिहोऱ्याला असतो, त्याच्याकडून चौकशी केली. अख्खं गाव त्याचं चांगलं बोलते म्हणे. ज्याच्याबद्दल कोणीच वाईट बोलत नाही, त्याचं काहीतरी असतेच!

२३ नोव्हेंबर, रविवार

आज त्यानं ॲपवर मला विचारलं — "आई, मोना इकडे आली तर तुम्ही कुठं राहाल? हे अजून कोणी बोललंच नाही."

डोक्यात सणक गेली. तू कोण विचारणारा? माझं घर आहे, माझी पेन्शन आहे! माझी काळजी करणाऱ्यानं तिला नेलं तर त्याच्यावर रागावायचीही सोय नाही.

ब्लॉक केलं. बोट घसरलं असं लिहिणार होते. नाही घसरलं.

मोनाला सांगितलं, तो गेला ॲपवरून, बाकीच्यांसारखाच निघाला. आता तूही फोन करू नको, माझं उत्तर 'नाही' आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाली, आणि डाळ भिजवायला गेली.

२४ नोव्हेंबर

रोजच्यासारख्या माझ्या गोळ्या काढून ठेवल्या आणि ऑफिसात गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर

मोना आज पुन्हा माझ्या बाजूला सिरियल पाहत बसली. हेच पाहिजे होतं ना लीलाबाई? घ्या आता!

तीन ॲप तपासले मी. डेअरीवाला पकडला, लंडनवाला पकडला. आणि ज्या पोरीनं माझ्या मुलाचं शेवटचं आजारपण काढलं, त्यानंतर मला धरून ठेवलं, तिला मीच फसवलं. पदरात तोंड घालून खूप रडले. बाथरूमचा नळ सोडून, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

२८ नोव्हेंबर

ब्लॉक काढून पाहिलं. तो दिसतच नाही. 'ही व्यक्ती उपलब्ध नाही' एवढंच येते. त्याचा नंबर माझ्याकडे नाही, मोनाकडे आहे. तिला कोणत्या तोंडानं मागू?

अनसूयाला सगळं सांगितलं. वाटलं झापेल. तिनं माझा हात धरला. मग म्हणाली — "तोंड ॲपमध्ये थोडीच आहे तुझं? जा सिहोऱ्याले."

३० नोव्हेंबर, रविवार

उद्या दवाखाना उघडा असेल. मोनाला सांगितलं, अनसूयाकडे पापड लाटायला जाते. हे शेवटचं खोटं.

१ डिसेंबर

सिहोऱ्याहून आले. तो बुटका नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर एका शेळीच्या मागं नंबर लावून बसले. माझी पाळी आली तसं पाठ केलेलं सगळं एका दमात बोलले. मीच ब्लॉक केलं, मोनाचा दोष नाही, मला एकटं राहायची भीती वाटली, तुम्ही तिला फोन करा. त्यानं हात धुतले, खुर्ची दिली आणि आतून चहा आणला. बिनसाखरेचा. मला शुगर आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं, ॲपवरही नाही.

म्हटलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तो म्हणाला, "मोना रोज बोलते. पण लग्नाची तारीख काढू देत नाही. म्हणते, आई स्वतः येतील. वेळ लागेल, पण येतील."