लोकांचा पत्ता

सोफिया, १५ सप्टेंबर

प्रिय नेवेनाताई,

सप्रेम नमस्कार. डावीकडची दाढ सोडली तर मी बरा आहे. ल्युतेनित्सा चटणीच्या पाचही बरण्या बसच्या ड्रायव्हरने न फोडता आणून दिल्या. भाजलेल्या मिरच्यांचा वास जिन्यात असा घमघमला, की शेजारीण दोनदा मीठ मागायला आली. रिकाम्या बरण्या नेहमीसारख्या बसनेच परत पाठवेन. स्पासदाजी कसे आहेत? अजून तसेच गप्प?

माझा धंदा चालू आहे. तू त्याला ‘मेतोदीचं भंगार’ म्हणतेस, म्हण बापडी. लोक बोलता बोलता काहीतरी खवचट आणि खरं बोलून जातात. ते मी कार्डावर उतरवतो, पाठीमागे बोलणाऱ्याचं नाव, गाव, प्रसंग लिहितो, आणि त्यातलं सोज्वळ तेवढं आमच्या रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरात छापतो. या आठवड्यात कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाई म्हणाल्या, “मैत्रिणीचं चांगलं झालं की मी दोन दिवस आजारी पडते. तिलाही बरं वाटतं, मलाही.” मी खूप हसलो. मग आठवलं, की आमच्या इवानोवला बढती मिळाली तेव्हा मला आठवडाभर सर्दी होती. आमच्या न्हाव्याचं वाक्यही ऐक. “शेजाऱ्याच्या दुःखात माणूस लगेच धावून जातो, कारण जवळून नीट दिसतं.” याच्या कार्डावर मी शेरा मारला आहे: ‘खरं आहे, म्हणून छापू नये.’

हो, एक किरकोळ गोष्ट. निवडणूक ९ ऑक्टोबरला आहे, असं पेपरात आलंय. कॅलेंडर तर गेल्या वर्षीच छापून झालं, ते तुझ्या भिंतीवर आहेच. त्या तारखेच्या पानामागे मी सफरचंदाबद्दलचं काहीतरी टाकलं होतं, फळांचा हंगाम म्हणून. यंदा कागद भिकार निघालाय. ते पान तू आत्ताच काढ आणि चुलीत घाल, वाचत बसू नकोस. आणि ते वाक्य आपली राइनाआजी म्हणायची, नाही का? मला पक्कं आठवतंय. तुलाही आठवत असेलच.

झोप हल्ली कमी झाली आहे. दाढेमुळे. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की जास्तच ठणकते.

दाजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
मेतोदी


सोफिया, १२ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. तिसऱ्या बरणीत, पेपरच्या बोळ्याखाली ठेवून पाठवतोय. दार लावून वाच.

तुझं उत्तर पोचलं. तू लिहितेस, “अरे, चुलीत घाल म्हणालास म्हणून तर मुद्दाम काढून वाचलं. आजीचं कुठलं रे? आजीला दात तरी होते का सफरचंद खायला? हे तर मी बोलले होते! यांना दाखवलं, तर हे हसले. अकरा वर्षांनी हसले रे मेतोदी.” असं कुणी टपालाने लिहितं का, ताई? पण चूक तुझी नाही. धड खोटं सांगायचीही हिंमत नव्हती, म्हणून मी आजीला पुढे केलं.

रविवारी मी मतदानाच्या रांगेत उभा होतो. पुढची बाई नवऱ्याला म्हणाली, “टोपली आणलीस का रे?” दोघांचे खांदे हलायला लागले. मागून एक म्हातारा खाकरला, “चाचपू नका हो, चाचपू नका!” रांगेत कुठेकुठे खोकला उठला. लोक सकाळी चहाच्या आधी पान फाडतात, हे इतकी वर्षं मी अभिमानाने सांगत आलो. त्या रांगेत मी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मतपत्रिका घेतली, त्यावरचं एकुलतं एक नाव पाहिलं आणि न दुमडताच पेटीत टाकली.

सोमवारी डायरेक्टरसाहेबांनी खोलीत बोलावलं. ते स्वतः खिडकीपाशी उभे होते. त्यांच्या खुर्चीत तपकिरी कोटातला एक अनोळखी माणूस बसला होता, आणि त्याच्यासमोर काचेखाली ते पान नीट सपाट करून ठेवलेलं. त्याने मोठ्याने वाचलं: “टोपलीत सफरचंद एकच असेल, तर चाचपून कशाला बघायचं?”

“छान आहे,” तो म्हणाला. “कुणाचं?”

“लोकोक्ती आहे, साहेब. लोक म्हणतात.”

“लोक म्हणतात. बरं. लोकांचा पत्ता काय?”

डायरेक्टर हसले. तो हसला नाही.

“तुम्ही म्हणे प्रत्येक वाक्याचं कार्ड ठेवता, बोलणाऱ्याच्या नावानिशी. फार शिस्तीचं काम. गुरुवारी पेटी घेऊन या.”

ताई, त्या खुर्चीसमोर तुझं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. तुला फसवणार नाही, आलं होतं. पहिलं अक्षर तोंडातून निघालंही, आणि मला खोकला आला. खरा होता की आणलेला, मलाही ठाऊक नाही. नंतर दोन दिवस तुझं कार्ड मी कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरलो. मनाशी म्हणत होतो, तिचं वय झालंय, बाईमाणूस, तिला काय करणार आहेत? फार तर दम देऊन सोडतील. भित्रा माणूस स्वतःला किती शहाणपणाच्या गोष्टी सांगतो, त्याचंही एक कार्ड व्हायला हवं.

त्या कार्डावर काय आहे, ते सांगतो. नंबर चारशे बारा. पुढे वाक्य. मागे माझ्या सुवाच्य अक्षरात: ‘नेवेना, क्युस्तेंदिल. शाळेतलं मतदान केंद्र. मतपत्रिका हातात घेताना, हळू आवाजात.’ मागच्या निवडणुकीला मी तुझ्याकडे आलो होतो, तुला सोबत म्हणून केंद्रावर गेलो होतो, तेव्हाचं. म्हणजे वाक्य सफरचंदावरचं नव्हतंच, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. सफरचंदांच्या दिवसांत टाकलं तर कुणाला कळणार नाही, असं वाटलं. छापायचा मोह आवरला नाही.

कार्ड नुसतं नाहीसं करता येत नाही. नंबरांची वही ऑफिसातल्या पेंकाकडे असते. एक नंबर गळला तर त्या पोरीला धरतील.

आता खरं सांगायचं राहिलंय. इथवर दोन पानं मी ते टाळतच आलो.

दाजींना नेलं, त्याआधी नऊ दिवस आमच्या ऑफिसात नव्या वर्षाची पार्टी होती. प्रत्येक जण काहीतरी ऐकवत होता. मला दाजींचं वाक्य आठवलं. फळांच्या सोसायटीत वजनकाट्यावर बसून ते म्हणाले होते ना, “काटा आणि साहेब सारखेच, वजन पडेल तिकडे झुकतात.” मी ते सांगितलं. नावासकट. ‘आमचे स्पासदाजी, क्युस्तेंदिलचे,’ असं म्हणून. नावाशिवाय दुसऱ्याचं वाक्य सांगणं म्हणजे चोरी, असं मला वाटायचं. सगळे पोट धरून हसले आणि मी पुन्हा एकदा सांगितलं.

खोलीत माझ्याशिवाय बारा जण होते. अकरा वर्षं मी त्या बारा जणांवर संशय घेतला, एकेकाचा चेहरा आठवून. तेराव्यावर घ्यायचं टाळलं. दाजी दोन वर्षं खाणीत दगड फोडून आले ते जेवताना मीठ मागायचेही बंद झाले. तू मला विचारलंस, “कुणी सांगितलं असेल रे?” मी म्हणालो, “भिंतींना कान असतात.” तुझ्याच हातचं सूप पीत म्हणालो. त्याची मला इतकी लाज वाटते, की नंतर मी तुझ्याकडे येणंच कमी केलं. तुला वाटलं, शहरात जाऊन भाऊ शिष्ट झाला.

आणि आता तू लिहितेस, की हे हसले.

मी नवं कार्ड केलं आहे. तोच नंबर, तीच शाई, कोपरे चहात बुडवून जुने केले. मागे लिहिलंय: ‘मेतोदी, सोफिया. मतदानाला जाताना, स्वतःशी.’ उद्या सकाळी नऊ वाजता पेटी घेऊन जायचं आहे. मला भीती वाटते, ताई. शूरपणाचा आव आणत नाही, फार भीती वाटते. दाढ खरंच दुखते आहे आणि तिकडे दातांचा डॉक्टर असतो का, असले विचार डोक्यात येतात. बॅगेत लोकरीचे मोजे घातले, काढले, पुन्हा घातले.

जुनं कार्ड पाचव्या बरणीत आहे. दाजींना एकदा दाखव. मग चुलीत घाल, आणि या वेळी खरंच घाल. हे पत्र आधी त्यांना वाचून दाखव. ते काही बोलले, तर मला कळवू नकोस. शिवी दिली तरी बोलले म्हणून तू आनंद मान.

कुणी विचारलंच, तर तू त्या दिवशी केंद्रावर तोंड उघडलं नव्हतंस. तुझी दाढ दुखत होती.

आजवर लोकांच्या वाक्यांखाली लोकांची नावं घातली. हे एक उद्यापासून असं राहील:

‘टोपलीत सफरचंद एकच असेल, तर चाचपून कशाला बघायचं?’

मेतोदी