मुसळ आर्णीले येणार नाही

प्रिय संगीता,

पत्राच्या सुरुवातीले प्रिय लिहा लागते म्हणून लिहिलं, लय मनावर घेऊ नको. तुझा निरोप भेटला. यंदा बिनसावलीचा दिवस सरांच्या आठवणीत आर्णीच्या शाळेत करायचा, त्यासाठी आमचं मुसळ पाठवा म्हणते. फोनवर तुझ्याशी नीट भांडता येत नाही, तू मधातच वहिनी वहिनी करून रडाले लागते. म्हणून लिहून राह्यली.

ते मुसळ माझ्या माहेरचं हाय, मिरची कांडाले आणलं होतं. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात यायनं, म्हणजे तुझ्या सरायनं, ते ओळंबा लावून अंगणात सरळ उभं केलं. म्हणे, आज दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येते, याची सावली गायब होते. शेजारच्या हंसाबाईनं उभं मुसळ पाह्यलं अन् ग्रहणात मुसळ उभं राहते म्हणतात, म्हणून गिरान लागलं समजून चुलीवरचं वरण ओतून देलं, डोक्यावरून आंघोळ केली. खरं समजल्यावर किती दिवस यायच्या नावानं बोटं मोडत होती. पुढं तीच साऱ्या तांड्यात सांगे, आमचा गुलाबसिंग मास्तर सावली खाते.

मग दरसाली मास्तर येऊ लागले, ढाणकीचे, मुकुटबनचे. भूगोलाचा तास म्हणजे ज्याले काम नाही त्याच्या गळ्यात घालायचा, हे मोडाले यायनं जिल्ह्यातले भूगोलवाले गोळा केले, संघ काढला, अध्यक्ष झाले. आमचे रविवार त्यात गेले, दिवाळ्याही गेल्या. तू तवा शाळेत नवीन लागली होती. नकाशा टांगताना तू गडबडे, हे मी जेवताना ऐकलं. संगीतानं पोरायले नदी शिकवाले नाल्यावर नेलं, तेही जेवतानाच. मी म्हणे, भाजी कशी झाली ते सांगा. माझ्या माहेरच्या नाल्याचं नाव या माणसानं कधी इचारलं नाही, अन् तुझ्यासंग फोनवर पैनगंगा संपता संपत नव्हती.

तसलं काही नव्हतं, ते मले ठाऊक हाय. तसलं असतं तं सोपं होतं, तुझ्या झिंज्या धरल्या असत्या.

संक्रांतीनंतर हे गेले. शोकसभेत तुम्ही मले फोटोजवळ बसवलं, शाल देली, बोलता काय म्हणून कोणी इचारलं नाही. तू माईकवर सांगितलं, सावली गेली की सर लेकरावाणी हसत, चष्मा काढून डोळे पुसत. साऱ्यायनं माना हलवल्या. साऱ्यायले माहीत होतं, संगीता. मलेच नाही.

सावली जाई त्या वेळी मी दरसाली आत. एवढ्या मास्तरायचा चहा, दूध उतू चाललेलं. खोटं कायले बोलू, हे दरसाली हाक मारत, मोती, ये वो, आता जाते. पण मी पदराले हात पुसून निघेपर्यंत टाळ्या वाजत. सूर्य कोणाच्या चहासाठी थांबते? मी ट्रे घेऊन बाहेर येओ तवा मुसळाले सावली फुटलेली अन् यायचा चेहरा रोजचा. तो दुसरा चेहरा तुम्ही सारे घेऊन बसले. मले त्याचा वाटा भेटला तो माईकवरून, तोही तुझ्या तोंडून.

म्हणून मुसळ आर्णीले येणार नाही. तुम्हीच इकडं या, दरसालीसारखे सारे या. हे कुठं उभे राहत ती जागा मले दाखव, तिथं मी उभी राहीन. दूध आणून ठेवते. साखर वरच्या फळीवर हाय, पत्ती लाल डब्यात. चहा तू ठेवायचा. वेळ झाली की मी तुले हाक मारीन, यायच्यासारखीच. पण टाळ्या वाजल्याबिगर बाहेर येऊ नको.

तरी पण तुझीच,
मोतीवहिनी