बाबांचा चमचा

ताई,

आज माझा डीजे म्हणून पहिला कार्यक्रम. तू येईपर्यंत थांबले असते तर उशीर झाला असता. शिव्या नंतर घाल. बाबांना सूप भरवलंय, कूसही बदललीय.

वाचा गेली तरी ते माझ्या सरावाकडे कान लावून असायचे. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना माझा ठेका चुकला, की पलंगाच्या दांडीवर चमचा हाणायचे. परवापासून चमचा वाजलाच नाही. मला वाटलं, चला, जमलं एकदाचं! तरी आज मुद्दाम ठेका चुकवून बघितला, तोसुद्धा चांगला घाणेरडा. ते नुसते छताकडे बघत राहिले.

डॉक्टर संध्याकाळी येतील. त्यांना हे तूच सांग, माझ्या तोंडून निघेना.

चमचा त्यांच्या हातातच राहू दे.