मेंढीच्या पोटावरचा हात

मंगळवार, दिवेलागण. मैलूर.

कोळारच्या कारखान्यात आज सायेब सगळ्यांपुढं माझ्यावर ओरडला. घरी आले, भाकरी थापायला बसले, तरी खांदे कानापर्यंत चढलेलेच. नवरा म्हणाला, "कामून एवढी आखडायलीस?" मी तव्यावरची भाकरी उलटली.

मग माझे मेंढरं राखणारे वडील, अप्पा आठवले. लोकर कातरायच्या आधी ते मेंढीच्या पोटावर तळहात ठेवून नुसते बसायचे. मी घाई करायची, "अप्पा, कातरा की!" "थांब पोरी, तिचा दम खाली बसू दे."

गॅस बंद केला. पिठाचा तळहात आपल्याच पोटावर ठेवला. वर, खाली. डोळ्यांपुढं माळ, काळी मेंढरं, ऊन हळूहळू निवायलंय... खांदे कधी उतरले, कळलंच न्हाई.

साडीवर पिठाचा पंजा उमटलाय. अप्पांच्या हाताएवढा वाटायलाय. झटकला न्हाई.