आडवी खिडकी

आबा, तुमची खिडकी उभी करायची का, असं भाऊ विचारतोय. तुमच्या माघारी आता घरावरचा पत्रा काढून स्लॅब टाकायचं ठरलं आहे, भिंती उंच होणार. काल फोनवर म्हणाला, "आते ती उभी बसी जाई. आबानं मन व्हतं. सोमवारले गवंडी येई. पडदा लाऊत का तुन्या त्या पट्ट्या, तू सांग. तू पडदावाला शे." मी म्हटलं, सांगतो. मी इथं बंगळुरूला दिवसभर लोकांच्या खिडक्या झाकत फिरतो, कुठल्या काचेला काय शोभेल ते उभ्या उभ्या सांगतो, आणि घरच्या एका खिडकीसाठी म्हटलं, सांगतो. तेव्हापासून हातातलं काम हातातच राहतंय. म्हणून हा कागद घेतला. ब्लाइंडच्या खोक्यातला आहे, सारखा गुंडाळी होतो, एका हातानं दाबून लिहितोय.

शिंदखेड्याची ती कापसाची जिन पाडली तेव्हा तुम्ही तिथे हमाल होता. सगळ्यांनी पत्रे नेले, तुम्ही खिडकी आणली. बैलगाडीत ती मावेना, दोन्ही बाजूंनी बाहेर निघालेली, आणि तुम्ही तिच्यावर हात ठेवून चालत येताय, नवरी आणल्यासारखे. घरी आल्यावर कळलं, खिडकी उंच आणि आपला पत्रा खाली. गवंडी म्हणाला, कापू. तुम्ही कापू दिली नाही. आडवी बसवा म्हणालात. मग तिचं एक दार वर गेलं, एक खाली आलं, आणि गज सगळे आडवे झाले. समोरचे नाना ओट्यावरून ओरडले, "आबा, तुमनी खिडकी आडी पडी गयी!" तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "जिनमा जलमभर उभीच व्हती. आते झोपू दे तिले." आणि मग जरा हळू, मला ऐकू येईल एवढंच, "घर मोठं व्हई, तवय उठाडू." हे भाऊनंही ऐकलं असणार. त्याच्या लक्षात राहिलं.

मला मात्र दुसरंच आठवतं. वरचं दार बाहेर ढकलून काठीवर टेकवलं की त्याचं छप्पर व्हायचं. खालचं दार साखळीवर आडवं पडायचं, त्याची फळी. माय त्या फळीवर ज्वारी आंबवून थापलेल्या, पापडासारख्या बिबड्या वाळत टाकते, आत जमिनीवर बसते, गजांतून हात घालून उलटवते, आणि बकरी आली की आतूनच हाकायची काठी बाहेर काढते. एकदा घाईत तिनं वरच्या दाराचीच काठी ओढली. दार धाडकन खाली, बकरी पळाली, बिबड्या अंधारात, आणि तुम्ही झोपेतून उठून विचारताय, "रात झायी का?" माय हसून हसून भिंतीला टेकली होती.

मला शाळेतली पोरं आडव्या खिडकीवरून चिडवायची म्हणून मी एकदा मायचं जुनं लुगडं खिडकीवर लावलं. तुम्ही रागावलात, पण हात नाही उचललात. "पहिले ऊन कोठून येस ते देख, मंग कपडा लाव," म्हणालात, आणि मला खिडकीखाली शेजारी झोपवलं. दुपारचं ऊन गजांतून येत होतं. तुमच्या बनियनवर आडव्या पट्ट्या, माझ्या पायांवर आडव्या पट्ट्या, आणि वारा आला की बिबड्यांचा आंबूस वास. पट्ट्या सरकत सरकत भिंतीवर चढल्या तोपर्यंत मला झोप लागली होती.

इथं मागे एका घरी गेलो. जिन्याजवळ दोन मजल्यांची एकच काच, ती पण वर तिरपी. बाईंना जाड मखमल हवी होती. मी ऊन कुठून येतं ते बघायला खाली फरशीवर बसलो, तर त्या म्हणतात, "भैया, नाप लो, ध्यान मत लगाओ." आम्ही दोघंही हसलो. शेवटी मखमल नको, आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड ठरले. लावून झाल्यावर मी दांडी फिरवली आणि फरशीभर पट्ट्या पडल्या. माझ्या बुटांवर पडल्या. बाई विचारत होत्या, हे पुसायचं कशानं, आणि मी शिडी धरून उभा, मला बिबड्यांचा वास येतोय.

एका ठिकाणी माझं मन लागत नाही, तुम्हाला माहीतच होतं. जळगाव सोडलं, सुरत सोडलं, हेही सोडेन. पण आत्ता हा कागद बाजूला ठेवून भाऊला फोन केला. मागून मायचा आवाज येत होता, "उभी करशात तर मी बिबड्या कोठे टाकू?" मी तेच धरलं. भाऊला म्हटलं, मायची फळी जाईल, आडवीच बसव. पडदा नको, पट्ट्याही नको, वरच्या दाराला नवी काठी दे. तो म्हणाला, गवंडी हसेल. मी म्हटलं, हसू दे.

घर मोठं झालं, आबा, आणि तुमची खिडकी मी उठवू दिली नाही. भाऊला मी बिबड्यांचं कारण सांगितलं. तेही खरंच आहे. पण मी कधी घरी आलो तर दुपारी मला तिथंच झोपायचं शे, हे त्याला नाही सांगितलं.